मंत्रीसाहेब, आमच्या बाईंना पुरस्कार नको, एक क्लार्क द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

नाशिकहून लिहितोय, पंचवटीतून. माझी पोरगी महापालिकेच्या शाळेत चौथीला आहे आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, म्हणजे कायद्याने तीन चतुर्थांश मेंबर पालकांतले लागतात त्यातला एक. पाच सप्टेंबर जवळ आला की आमच्या ग्रुपवर सुरू होतं, बाईंचं नाव आदर्श शिक्षक पुरस्काराला पाठवूया. बाई हात जोडतात. म्हणतात, अहो त्याची फाईल करा, फोटो चिकटवा, सर्टिफिकेटं गोळा करा, तेवढ्या वेळात माझी दोन पोरं जोडाक्षरं वाचायला लागतील.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना चालायचं नाही. पण करतात काय ते सांगतो. पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला नाशकात येतात, बांधकामावर, नाहीतर दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांत, आणि पोरं झोपडीपाशी लहान भावंडं सांभाळत बसतात. बाई सुट्टीच्या दिवशी तिथं जातात, आईबापाशी बोलतात, दाखला नसला तरी वयाप्रमाणे वर्गात बसवतात. कायदा तसंच सांगतो, पण कायदा सांगायला झोपडीपर्यंत जातं कोण? 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, सगळं नाशिक होळकर पुलावर मोबाईल घेऊन उभं आणि या बाई शाळेची किल्ली घेऊन पावसात, कारण नदीकाठच्या कुटुंबांना टेकायला जागा पाहिजे होती. अनंत चतुर्दशीला घाटावर निर्माल्य गोळा करायला दरवर्षी असतातच, सोबत त्यांचे जुने विद्यार्थी, आता अंबडला कंपनीत लागलेले, मिशा फुटलेले बाप्ये, पण बाईंनी नुसतं बघितलं तरी हातातली सिगारेट गायब.

यातलं काहीच त्यांना कोणी ऑर्डर काढून सांगितलेलं नाही. माझं म्हणणं ऑर्डर काढून सांगितलेल्या कामांबद्दल आहे.

मागच्या मीटिंगला मी लवकर पोचलो, वर्गाच्या दारात उभा होतो. तिसरी-चौथी एकत्र, फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धी. बाहेर खिचडीचा टेम्पो आला म्हणून बाई उठल्या, डब्याचं झाकण काढून चमचाभर खाल्ली, चव रजिस्टरमध्ये सही केली. परत खडू उचलला तर फोन, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर, एका पोराचं आधार मॅच होत नाही, आजच्या आज करा. त्या पोराच्या आईला फोन लावला, ती कामावर, ओटीपी बापाच्या मोबाईलवर, बाप कुठं ते माहीत नाही. टेबलाखाली बीएलओची, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या कामाची पिशवी, मतदार यादीचे फॉर्म कोंबलेले. मी होतो तोवर ती वजाबाकी काही पुढं सरकली नाही, पहिल्या बाकावरचा एक जण तेवढा बोटं मोजून मोजून कंटाळला.

साहेब, चव बघणं ठीक आहे, पोरांच्या पोटात जाणारी गोष्ट आहे, ती बाईंनीच बघावी. बाकीचं काय? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये स्पष्ट आहे, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या आणि न शिकवण्याच्या दिवशीच द्या हे सुप्रीम कोर्टाने 2007 सालीच सांगितलंय. तुमच्या खात्याने 2024 मध्ये शैक्षणिक कुठलं अन् अशैक्षणिक कुठलं याचं वर्गीकरण करणारा जीआरपण काढला. कागद झकास आहे हो. पण फोन करणाऱ्याला तो वाचून दाखवायची हिंमत शिक्षकाने करायची का? नोटीस त्यालाच यायची.

आणि आता पुढचं बघा. जनगणना 2027 ची, सिंहस्थ 2027 चा. आम्ही नाशिककर कुंभाला नाही म्हणणारे नाही, घरी पाहुणे येतातच. पण रस्त्यापासून घाटापर्यंत सगळीकडे माणूस कमी पडणार आणि माणूस कमी पडला की पहिली आठवण शाळेची होते, हा अनुभव आहे.

म्हणून मागणी दोनच. एक, चार-पाच मनपा शाळांत मिळून एक डेटा एंट्री करणारा माणूस द्या, आधार, यू-डायस, पोर्टल सगळं त्याच्याकडे. पैसे नाहीत म्हणू नका, पुरस्कार सोहळ्याचे मंडप आम्हीपण बघतो. दोन, शाळेच्या वेळेत शिक्षकाला वर्गाबाहेर काढणारी प्रत्येक ऑर्डर लेखी असावी, खाली काढणाऱ्याचं नाव आणि सही, आणि कॉपी शाळा व्यवस्थापन समितीला. फोनवर तोंडी काही चालणार नाही. बघा मग किती ऑर्डरी निघतात ते.

समितीची पुढची मीटिंग दिवाळीच्या सुट्टीआधी आहे. तोपर्यंत काही हाललं तर कळवा, नाहीतर या पत्राचा ठराव करून रीतसर पाठवतो, आवक नंबरासकट.

आपला,
एक पालक, पंचवटी, नाशिक