गाडी मी चालवत नव्हतो, म्हणून क्लेम नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार विमा विभाग

महोदय,

माझ्या गाडीचा क्लेम आपल्या कार्यालयाने दोन कारणे देऊन फेटाळला आहे. गाडी मालक चालवत नव्हता आणि गाडी भाड्याने दिली होती, अशी ती कारणे. दोन्ही मला मान्य नाहीत.

डिसेंबरमध्ये एका रात्री शेजारच्या सुनेला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन केला, तर गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी तिच्या दिराच्या हाती किल्ली दिली. त्याने तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात वेळेत पोचवले. परत येताना लोखंडी सावरगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यातच बंद पडलेली होती. मागे ना दिवा, ना रेडियम. हंगामात आमच्या भागातल्या रस्त्यांवर रात्री काय परिस्थिती असते, ते इकडे गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा. गाडी त्या ट्रॉलीवर आदळली; बॉनेट, रेडिएटर आणि डावा हेडलाइट गेला. गॅरेजवाल्याने ८४ हजारांचे एस्टिमेट दिले.

आता आपले पहिले कारण. पॉलिसी मी शब्दन् शब्द वाचून घेतली. चालकाच्या कलमात विमाधारकासह कोणीही व्यक्ती गाडी चालवू शकते, असे स्पष्ट आहे. अट एवढीच की, अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध परवाना हवा आणि तिला अपात्र ठरवलेले नसावे. त्या मुलाकडे कारचा पक्का परवाना आहे, लर्निंग नव्हे. तो प्यायलेला नव्हता. विमा गाडीचा आहे आणि हप्ताही मी गाडीचाच भरतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ मध्येसुद्धा मालकाने दुसऱ्याला गाडी वापरू देणे गृहीत धरले आहे. मग 'मालक चालवत नव्हता' हे कारण कोणत्या अटीतून आले? आपल्या पत्रात एकाही कलमाचा उल्लेख नाही.

दुसऱ्या कारणाचे मला फार वाईट वाटले. चौकशीला आलेल्या आपल्या माणसाला त्या मुलाने खरे ते सांगितले, की दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांनी मला डिझेलचे ७०० रुपये दिले. खासगी गाडी भाड्याने फिरवली तर पॉलिसी लागू होत नाही, हे मला ठाऊक आहे आणि तो नियम बरोबरच आहे. पण बाळंतिणीला दवाखान्यात नेले, त्यानंतर शेजाऱ्याने गाडीत जळालेल्या डिझेलचे पैसे दिले, याला भाडे कसे म्हणता? गावात अडीनडीला गाडी मागितली की जो तो डिझेल टाकूनच परत करतो. ते पैसे आम्ही द्यायला नको होते, असे आता त्या घरातली माणसे मला म्हणतात आणि खाली मान घालतात. ही वेळ त्यांच्यावर आपल्या पत्रामुळे आली.

जे पॉलिसीत नाही ते मी मागत नाही. त्या मुलाचे मनगट मोडले. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण फक्त माझ्यासाठी आहे, त्याला ते लागू नाही, हे मी मान्य करतो. पॉलिसी देताना मात्र आपल्या एजंटने 'सगळं कव्हर आहे' एवढेच सांगितले होते. पगारी ड्रायव्हरसाठी, सोबतच्या प्रवाशांसाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घेता येते, हे तेव्हाच कळले असते तर मी घेतले असते. घरोघरी गाडी एक आणि चालवणारे चार, अशी इकडची स्थिती आहे. एजंटांना हे सांगायला लावा.

माझा क्लेम पुन्हा तपासून दुरुस्तीची रक्कम मंजूर करावी. नाकारायचाच असेल तर कलम क्रमांकासह आणि मराठीत कळवावे. महिनाभरात उत्तर न आल्यास मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करणार आहे.

सोबत परवाना, आरसी, पॉलिसी, डोळ्याच्या ऑपरेशनचे आणि बाळंतिणीच्या दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

आपला विमाधारक,
ता. अंबाजोगाई, जि. बीड