स्मरणार्थ पदार्थ आणि त्याचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या शहरातील एका उपाहारगृहात जेवायला गेलो असता मेन्यूकार्डाच्या तळाशी ‘आईचे शेंगोळे’ असा पदार्थ दिसला. मालकांच्या आईचे कर्करोगाने निधन झाले असून या पदार्थाच्या विक्रीतून गरजू रुग्णांना मदत केली जाते, असे त्याखाली छापले होते. माझी धाकटी बहीण याच आजाराने गेली. तिच्या तिथीला तिच्या आवडीचे थालीपीठ आम्ही आजही पानात आवर्जून वाढतो. गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ करण्याची आपली रीत जुनी आहे, आणि तोच पदार्थ अनोळखी माणसांच्या ताटात जाऊन त्यातून कुणाच्या औषधपाण्याची सोय होत असेल, तर ती रीत आणखी मोठी झाली असे मला मनापासून वाटले. मात्र एका ताटामागे किती रुपये बाजूला काढले जातात आणि ते कोणाला मिळतात, हे वाढणाऱ्या मुलाला किंवा गल्ल्यावरील गृहस्थांना सांगता आले नाही.

मालकांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही हा प्रश्न महत्त्वाचा का, हे अमेरिकेतील ॲलेक्स स्कॉट या मुलीच्या उदाहरणावरून कळते. पहिला वाढदिवस होण्याआधीच तिला न्यूरोब्लास्टोमा हा मज्जातंतूंच्या पेशींचा कर्करोग असल्याचे निदान झाले. २००० साली, अवघ्या चार वर्षांची असताना, तिने घराच्या अंगणात लिंबू सरबताचे दुकान मांडले आणि आपल्यासारख्या मुलांवर उपचार शोधणाऱ्या डॉक्टरांसाठी २,००० डॉलरहून अधिक रक्कम जमवली. ऑगस्ट २००४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी ती गेली, तोवर ठिकठिकाणच्या लोकांनी मांडलेल्या अशा दुकानांमधून दहा लाख डॉलर उभे राहिले होते. तिच्या आईवडिलांनी तिच्या नावाने संस्था स्थापन केली आणि २००६ पासून फिलाडेल्फियातील नामवंत शेफ तिच्यासाठी दरवर्षी एकत्र येऊन स्वयंपाक करू लागले. सरबताचा पेला विकत घेणाऱ्याला पैसा बालकर्करोगाच्या संशोधनाला जाणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि माझ्या मते लोकांचा विश्वास बसला तो त्यामुळेच.

आपल्याकडेही अशा स्मरणाला मोठी परंपरा आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे १९४१ साली दोराबजींच्या नावाच्या न्यासाने परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभारले. बहिणीच्या उपचारांसाठी तिथे खेटे घालताना, गावाहून आलेल्या कुटुंबांना राहण्याजेवणाच्या खर्चाची किती धास्ती असते, हे मी जवळून पाहिले आहे. एका थाळीमागचे दहा रुपयेसुद्धा तिथे कुणाच्या तरी एका वेळच्या जेवणाला हातभार लावतात.

म्हणून असा पदार्थ ठेवणाऱ्या सर्व उपाहारगृहचालकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक ताटामागील रक्कम आणि संस्थेचे नाव मेन्यूकार्डावर स्पष्ट छापावे, संस्था नोंदणीकृत असल्याची खात्री करून घ्यावी, पैसे धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यावेत, आणि महिनाअखेरीस विकलेल्या ताटांची संख्या व देणगीची पावती गल्ल्याजवळ लावावी. यात फारसा खर्च नाही. उलट ज्यांच्या नावाने पदार्थ ठेवला, त्यांचे नाव चार लोकांत आणखी आदराने घेतले जाईल.

त्या उपाहारगृहाच्या मालकांनाही मी हे वेगळ्या पत्राने कळवले आहे. त्यांनी तसा फलक लावला, तर यंदा बहिणीच्या तिथीनंतरच्या रविवारी आम्ही सर्व नातेवाईक त्यांच्याकडेच शेंगोळे खायला जाणार आहोत.

आपला,
एक वाचक, नाशिक