रक्तात काय येतं आणि काय येत नाही

प्रिय मित्रा,

आधी आजोबा, मग काका, दोघंही आत्महत्येने गेले. "आता हे आमच्या रक्तातच आहे का?" असं तू विचारलंस. थोडं आहे, पण तू धास्ती घेतली आहेस तसं नाही.

डेन्मार्कमधला दत्तक व्यक्तींचा अभ्यास 1979 साली प्रसिद्ध झाला. आत्महत्येने गेलेल्या दत्तक व्यक्तींच्या रक्ताच्या 269 नातेवाइकांपैकी 12 जण तसेच गेले होते. तुलनेच्या गटात तेवढ्याच नातेवाइकांत 2. दत्तक घेणाऱ्या घरांत एकही नाही. म्हणजे हे नुसतं बघून उचललेलं नसतं. पण एक तरी भावंड आत्महत्येने गेलेल्या जुळ्यांचे 1991 सालचे आकडेही बघ. एकसारख्या जुळ्यांच्या 62 जोड्यांपैकी 7 जोड्यांत दोघंही गेली. भिन्न जुळ्यांच्या 114 जोड्यांत 2. पहिला आकडा मोठा आहे, खरंय. तरी 55 जोड्यांत जनुकं तीच असून दुसरं भावंड तसं गेलं नाही. मी या 55 वर बोट ठेवतो.

आत्महत्येचं असं एक जनुक नाही. अनेक जनुकांचा बारीक बारीक वाटा असतो. त्यांतून नैराश्याकडे किंवा बायपोलरकडे (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा उत्साह असा आजार) कल येतो आणि, हे लोक विसरतात, रागाच्या तिरीमिरीत काही करून बसण्याचा स्वभावही येतो. लहानपणची मारहाण, अत्याचार हेही घरातूनच येतं, पण जनुकांतून नव्हे. त्यामुळे जनुकचाचणीवर पैसे घालवू नकोस. एकट्या माणसाचं भाकीत तिला करता येत नाही.

त्यापेक्षा एक कागद घे आणि तीन पिढ्या मांड. प्रत्येकापुढे आजार, दारू, आधीचे प्रयत्न आणि कोणतं औषध लागू पडलं ते लिही. एखाद्याला लिथियम मानवलं असेल, तर डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं. "अपघात" म्हणून झाकलेले मृत्यू मावशी-आत्यांना एकेकटं गाठून विचार, चारचौघांत कुणी बोलणार नाही. कागद स्वतःहून डॉक्टरांपुढे ठेव.

गोळ्यांचा जादा साठा, कीटकनाशक घरात ठेवू नकोस. ती तिरीमिरी बहुतेकदा ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, यानेच जीव वाचतात.

मुलाची झोप उडाली, तो गप्प गप्प राहू लागला, तर सरळ विचार, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणाला तर त्याला एकटा सोडू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. आजोबांचंही त्याला खरं सांग, तुझ्याच तोंडून.

आणि तुला स्वतःला तसं वाटलं, तर रात्री किती वाजलेत ते बघू नकोस, मला फोन लाव.

तुझाच