सुया चालतील, पण गोळी सोडायला सांगू नका

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
स. न. वि. वि.

माझ्या बाबांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी यात झिजत जातात. सकाळी सातची सिंडोपा (लेव्होडोपा या औषधाची गोळी) घेतली की पाऊण तासाने त्यांना शर्टाची बटणं लावता येतात. गोळीचा असर ओसरला की उंबऱ्याशी पाय खिळतात. तिथे आम्ही लाल चिकटपट्ट्या लावल्यात. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल उचलतं.

दोन वर्षांपूर्वी खांदेदुखीसाठी ॲक्युपंक्चर, म्हणजे बारीक सुया टोचण्याचा उपचार, सुरू केलं. दुखणं उतरलं, बाबांना सलग चार तास झोप लागू लागली. आईलाही लागली, हे मुद्दाम लिहिते. मग तिथे सांगितलं गेलं, "आता गोळ्या सोडा, मेंदू आपोआप डोपामिन बनवेल." बाबांनी आम्हाला न विचारता गोळ्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी अंग लाकडासारखं, ताप, पाण्याचा घोट गिळेना. पाच दिवस इस्पितळात काढले. लेव्होडोपा एकदम बंद केली तर जिवावर बेततं, हे आम्हाला तिथे कळलं.

माझा राग सुयांवर नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ९४ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. थकवा खऱ्या सुयांनी कमी झाला आणि खोट्या सुयांनीही, म्हणजे टोचल्याचा नुसता देखावा करूनही, तेवढाच. चीनमधल्या ग्वांगझूच्या ७० रुग्णांच्या चाचणीत (२०२२) मात्र उपचार संपल्यावर दोन महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटाची चिंता जास्त उतरलेली दिसली. जोडउपचार म्हणून वाव आहे, तो एवढाच. मेंदूतल्या पेशींची झीज सुयांनी थांबते, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.

सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. बसूंनी ही विद्या पुढे कोलकात्यात आणली. महाराष्ट्राने तर तिच्यासाठी कायदा केला, कौन्सिल नेमली. मग त्या कौन्सिलकडूनच नियम करून घ्या: न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीशिवाय पार्किन्सन्सच्या रुग्णाला सुई नाही आणि उपचारकाने गोळीच्या डोसबद्दल बोलायचं नाही. प्रत्येक केंद्रात हे मराठीत, मोठ्या अक्षरात भिंतीवर लागू द्या.

आणि एका तरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरॉलॉजीच्या ओपीडीला लागूनच ॲक्युपंक्चरची खोली द्या. प्रत्येक रुग्णाची झोप, दुखणं, पडणं यांची नोंद तिथे ठेवली जावी. बाबा अजून दर गुरुवारी खासगीत जातात, एका वेळचे पाचशे रुपये देऊन. सगळ्यांना ते परवडत नाही.

आपली,
एका रुग्णाची मुलगी, पुणे