आता दर महिन्याचे पंधरा दिवस नाही जमणार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा “बरं, तू तुझं बघ” म्हणून फोन आईकडे देतात आणि आई जेवलीस का विचारते. म्हणून लिहितेय.

आमचे सर कंपनी सोडून गेले हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या जागी टीम सांभाळशील का असं मला विचारलं आणि मी हो म्हटलं आहे. महिन्यातले पंधरा दिवस सांगलीहून काम करायची मुभा सरांनी दिली होती, पण ती तोंडी. ते गेले तशी तीही गेली. माझ्या वरच्या नव्या मॅडमनी सगळ्यांनाच पाचही दिवस ऑफिसात बोलावलंय. मी त्यांना बाबांच्या अँजिओप्लास्टीचं सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण एकीला वेगळा नियम लावता येत नाही म्हणाल्या.

आई, तू म्हणशील, मग एवढं अंगावर कशाला घेतलंस? ऐक ना. सर वर्षाच्या मध्यात गेले. आता अप्रेझल करणार ते माझं काम न पाहिलेलं माणूस. मी नाही म्हटलं असतं तर बाहेरून कुणी आलं असतं आणि त्याला सगळं शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं असतं. दुसरीकडे जायचं तर तीन महिने नोटीस, तिथेही हिंजवडीच, आणि ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरत आलीत. शिवाय टीममधली दोन मुलं पार घाबरली होती, त्यांना तसंच सोडून मला निघवलं नसतं.

बाबा, जिल्हा परिषदेत साहेबांची बदली झाली की तुम्ही चार्ज यादीतली एकेक फाईल ताडून मगच सही करायचात. सरांच्या शेवटच्या आठवड्यात मी तेच केलं. कुठला रिपोर्ट कुणाला जातो, क्लायंटला काय कबूल केलंय, कुणाची रजा तोंडी मंजूर आहे, सगळं त्यांच्याकडून मेलवर घेतलं. एका मुलाच्या बहिणीचं लग्न आहे, त्याची रजा त्यामुळेच वाचली.

माझी काळजी करू नका. खाली पोळी-भाजी केंद्र आहे, आईची शेंगदाण्याची चटणी अजून पुरतेय, उशीर झाला तर ऑफिसची गाडी दारापर्यंत सोडते. क्लायंट न्यूयॉर्कचा. नोव्हेंबरात तिकडे घड्याळं तासभर मागे जातात, मग आपल्याकडची सहाची मीटिंग सातला लागते. म्हणून फोन आता सकाळी, बाबांच्या चहाच्या वेळेला करीन.

चौथीच्या स्कॉलरशिपला बाबा सगळे पेपर होईपर्यंत फाटकाबाहेर उन्हात उभे होते, खिशात लिमलेटच्या गोळ्या घेऊन. परवा टीमची पहिली मीटिंग घेताना वाटलं, आत्ताही बाहेर बाबा असते तर. आणि आई, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून कामाचे कॉल ऐकायचे, ते मला फार आठवणार आहे.

आता मी सांगते ते करायचं. बाबा, रक्त पातळ करायची गोळी दातांच्या डॉक्टरांनी बंद करा म्हटलं तरी आपल्या हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. छातीत दाटलं, हाताला कळ आली तर “पित्त असेल” म्हणत बसायचं नाही, सरळ 108 ला फोन. आई, माळ्यावर चढायचं नाही. शकूमावशी दोन्ही वेळच्या पोळ्यांना येतील, माझं बोलणं झालंय, पैसे मी परस्पर देते. तुझ्या हातच्या पोळ्या नकोत असं नाही गं, गुडघ्याला जरा उसंत मिळू दे. आणि पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की दोघांनी मामाकडे जायचं. 2019 सारखं “आपल्या गल्लीत येत नाही” मला ऐकायचं नाही.

एक आड एक शनिवारी मी येणारच. येत्या शुक्रवारी रात्री महालक्ष्मीने निघतेय, पहाटे सांगलीत. बाबा, स्टेशनवर यायचं नाही, रिक्षा मिळते. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तेव्हा रिपोर्टची फाईल आणि संपलेल्या गोळ्यांची पाकिटं काढून ठेवा. रक्त उपाशीपोटी द्यायचंय, चहासुद्धा घेऊ नका.

तुमची,
मनू