तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना

काका, नमस्कार.

जिन्यात भेटलात की 'थँक्यू काका' म्हणून सटकता येतं. त्याने माझं काही समाधान होईना, म्हणून हे पत्र.

परळच्या त्या दवाखान्यासाठी मी टोकनचा प्रोग्रॅम केला होता, पायथॉनमध्ये. रिसेप्शनवरच्या ताईंनी नुसता 'एन' दाबायचा, एंटर न मारता पुढचा नंबर लागायचा. घरी लिनक्सवर मस्त चालला. तिथल्या मॅकवर मात्र 'एन' दाबून काहीच होईना, अक्षरही उमटेना. ताईंनी पाचदा दाबलं, वैतागून एंटर मारला आणि बोर्ड 12 वरून थेट 17 वर! 13 नंबरच्या आजोबांनी काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

एंटरशिवाय अक्षर वाचायला टर्मिनलची, म्हणजे प्रोग्रॅम चालतो त्या खिडकीची, सेटिंग बदलणारा कोडचा तुकडा ज्या सिनियरकडून घेतला, ते म्हणाले, "माझ्याकडे चालतंय." विषय संपला. दुसऱ्याने सल्ला दिला, मॅक फॉरमॅट मार आणि लिनक्स टाक. डॉक्टरांचा मॅक! तिसऱ्याने माझा कीबोर्ड ओढून अर्धा तास खटखट केली आणि कोड होता त्याहून बिघडवून ठेवला.

तुम्ही आलात आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. "तूच टाइप कर, मी बघतो." खरं सांगू, तेव्हाच रडू आलं होतं. मग एकच प्रश्न विचारलात, "हा 10 कुठून आला गं?"

त्या तुकड्यात सेटिंग बंद करायला नुसता 10 लिहिला होता; का, ते मला कुठे माहीत होतं! मग खिशातल्या लाइट बिलाच्या पाठीवर तुम्ही दोन रकाने आखलेत. आयकॅनॉन म्हणजे एंटरपर्यंत थांबायची सेटिंग, एको म्हणजे दाबलेलं अक्षर दाखवायची. लिनक्सवर आयकॅनॉन 2 आणि एको 8, मिळून 10. मॅकवर एको 8च, पण आयकॅनॉन 256. तिथे 2 म्हणजे एकोई, बॅकस्पेसने अक्षर पुसायची सोय. म्हणजे माझ्या 10 ने अक्षर दिसणं बंद झालं, पण एंटरची वाट बघणं तसंच राहिलं. "अर्धं चाललं ना, म्हणूनच फसलीस," म्हणालात. "पॉसिक्सने, म्हणजे या सिस्टिम्सच्या सामाईक नियमावलीने, नावं ठरवली, आकडे ज्याचे त्याने."

आकड्यांच्या जागी पायथॉनच्या टर्मिऑस मॉड्यूलमधली नावं घातली, संपलं. व्हीमिन, म्हणजे किमान किती अक्षरं आल्यावर वाचायचं त्या सेटिंगचा क्रमांक, लिनक्सवर 6 आणि मॅकवर 16, हे मात्र माझं मी शोधलं. तुम्हाला आधीच माहीत असणार. तरी नुसतं "हं" म्हणालात, आणि ती ओळ बिलावर माझ्याकडून लिहून घेतलीत. एवढं येत असून समोरच्याला लहान न करणारी माणसं मला ऑफिसात फार भेटली नाहीत. आपल्या बिल्डिंगमध्ये एक आहे, तेही लिफ्ट बंद असली की कुरकुरणारं.

काकू बिल शोधतायत असं कळलं. ते मी भरलंय, पावती तुमच्या दाराच्या कडीत अडकवलीय. कागद मात्र परत मिळणार नाही.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची