टर्की म्हणजे मोठी कोंबडी नव्हे

संपादक महोदय,

आपल्या कृषी पानावर टर्कीपालन हा सोपा जोडधंदा म्हटला आहे. सोपा? मी मागच्या उन्हाळ्यात 12 पिल्ले आणली. विकणाऱ्याने एवढेच सांगितले, "कोंबडीसारखीच पाळा." पिल्ले दाण्याला तोंड लावीनात. शेवटी सोबत दोन गावरान पिल्ले सोडली, त्यांचे पाहून टिपायला लागली. आई म्हणे, "बाप्पा, हे गिधाडं कायले आणले?"

पावसाळ्यात टर्की आणि घरच्या कोंबड्या, सारे एकाच खुराड्यात ठेवले. पोळ्याच्या आधी एक टर्की पंख पाडून कोपऱ्यात उभी, विष्ठा गंधकासारखी पिवळी. आठवड्यात सात गेल्या. कोंबड्या मात्र खुशाल उकिरडा उकरत होत्या! डॉक्टरांनी मेलेली टर्की फाडून दाखवली: कलेजीवर (यकृतावर) रुपयाएवढे गोल, खोलगट चट्टे. रोगाचे नाव ब्लॅकहेड. कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंताच्या अंड्यांतून तो पसरतो. ती अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात, गांडुळांतही राहतात. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्की मरते. यावर लसही नाही.

आता उरलेल्या पाच टर्की वावरातल्या गोठ्याजवळ आहेत, जिथे कधी कोंबडी फिरली नाही. तिकडे जाताना चपलासुद्धा वेगळ्या घालतो. गावात हसतात, हसोत बापडे. जोडधंद्याच्या लेखात नफ्याच्या हिशेबाआधी या दोन वेगळ्या खुराड्यांचा खर्च छापावा, ही विनंती.

— एक अल्पभूधारक शेतकरी, ता. अचलपूर, जि. अमरावती